धाकटी दादापेक्षा उंच झाली, आता?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.
माझा मुलगा साडेतेरा वर्षांचा, आठवीत आहे. उंची १४६ सेंटिमीटर. प्रार्थनेच्या रांगेत पहिला उभा असतो. मुलगी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, ती १४९. गणपतीत गावी गेलो तेव्हा सगळ्यांनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि हसले. तेव्हापासून तो कुणाकडे यायला तयार नसतो, व्हॉलीबॉलही सोडलाय. मी वर्षभर उंचीची पावडर देतेय, दाराला बार बसवून रोज लटकायला लावतेय. माझ्या जावेच्या ओळखीतल्या एका मुलाला इंजेक्शनं दिली आणि तो भराभर वाढला म्हणे. आपणही द्यावीत का? त्याला पोलिसात जायचंय, तिथे १६५ लागते. माझी उंची १५५, ह्यांची १७१. मुलीला दिवाळीत पाळी सुरू झाली. सासूबाई ७२ वर्षांच्या. त्या म्हणतात, "पोराचं काय घेऊन बसलीस, मीच आता निम्मी झाले. नऊवारी पायात येते माझ्या." हसावं की रडावं कळत नाही.
– सौ. अ. म., कराड
ता. क. शाळेच्या कार्डावरची त्याची उंची : साडेदहाव्या वर्षी १३१, मग १३६.५, मग १४१, आता १४६. हे म्हणतात, "मी तरी कुठे शाळेत वाढलो? बारावीनंतर वाढलो." पण विषय टाळायला ते नेहमीच असं काहीतरी बोलतात.

सौ. अ. म., नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती ताज्या कलमात आहे, आणि तीही तुम्ही जरा चिडूनच लिहिली आहे. ह्यांचं "बारावीनंतर वाढलो" हे तुम्हाला टाळाटाळीचं बोलणं वाटतं. मला त्यात निम्मं निदान दिसतं. आणि शाळेच्या कार्डावरचे ते चार आकडे तुम्ही जपून ठेवलेत, याबद्दल तुमचं कौतुक करते. बहुतेक आईवडील आमच्याकडे येतात ते फक्त आजची उंची घेऊन, आणि एका आकड्यावरून काही म्हणजे काही सांगता येत नाही.

आणखी एक आधीच सांगून टाकते. तुमच्या घरात तिघांच्या उंचीचा विषय निघालाय. यातल्या कुणाला आधी डॉक्टरकडे न्यायचं, असं विचाराल तर मी सासूबाईंचं नाव घेईन. त्यांच्याकडे पुढे येतेच. पण तुमचा जीव मुलात अडकलाय, तेव्हा आधी त्याचं बघू.

मूल आज किती उंच आहे यापेक्षा ते वर्षाला किती वाढतंय, हे आम्ही पहिल्यांदा बघतो. माणूस सगळ्या वयात सारख्या वेगाने वाढत नाही. जन्मताना बाळ साधारण ५० सेंटिमीटरचं असतं आणि पहिल्या एका वर्षात २५ सेंटिमीटर वाढतं. पुन्हा आयुष्यात कधीही तो वेग येत नाही, अगदी वयात येतानाही नाही. दुसऱ्या वर्षी १२-एक, तिसऱ्या वर्षी ८-एक, आणि मग शाळेची सगळी वर्षं ५ ते ६ सेंटिमीटरांनी संथपणे चाललेली असतात. दोन वर्षांचं मूल त्याच्या मोठेपणीच्या उंचीच्या जवळपास निम्मं झालेलं असतं, हे सांगितलं की पालक अविश्वासाने बघतात. घरी जाऊन मोजून बघा म्हणते मी.

आता तुमच्या मुलाचे आकडे घ्या. साडेपाच, साडेचार, पाच. वर्षाला चारच्या खाली गेला असता तर मी आजच्या आज तपासण्या लिहून दिल्या असत्या. तो गेलेला नाही. वयात येण्याच्या आधी वेग थोडा मंदावतो, तसा त्याचा मधे मंदावला आणि सावरला. म्हणजे तो थांबलेला नाही, अजून लहान मुलाच्याच वेगाने वाढतोय. भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये वाढीचे नवे तक्ते काढले. त्या समितीचं काम पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्या तक्त्यावर साडेतेराला १४६ हा आकडा मधल्या रेषेच्या बराच खाली पडतो, पण सगळ्यात खालच्या रेषेच्या वर. तुमच्या डॉक्टरांकडे हा तक्ता असतो, त्यांच्याकडून चारही टिंबं त्यावर मांडून घ्या. टिंबं एकाच रेषेला धरून चाललेली दिसली की निम्मी धाकधूक तिथेच जाते.

आणि आईवडिलांच्या उंचीचं गणित असतं, ते तर घरीच करता येतं. दोघांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. तुमचे १५५ आणि ह्यांचे १७१ म्हणजे ३२६, अधिक १३ म्हणजे ३३९, त्याचे निम्मे १६९.५. यात सात-आठ सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात, तेव्हा याला भविष्य समजू नका. पण पोलीस भरतीच्या १६५ मुळे तुमची झोप उडाली असेल, तर निदान आज रात्री झोपा.

मग धाकटी पुढे कशी गेली? कारण वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये मुलांच्या आधी होते, आणि उंचीची उडी मुली त्या सुरुवातीलाच घेतात. मुलांमध्ये उलटा क्रम असतो : आधी अंडकोष वाढतात, मग केस, आवाज, आणि उडी येते ती बरीच नंतर. अकरा ते तेरा या वयात कुठल्याही शाळेत जा, वर्गात उंच दिसतात त्या मुलीच. तुमच्याकडे ऊस आहे की नाही ठाऊक नाही, पण कराडकडच्या माणसाला वेगवेगळ्या हंगामात लावलेला आडसाली आणि सुरू ऊस एकाच दिवशी शेजारी उभा करून मोजू नये, हे सांगावं लागत नाही. गणपतीत गावी तुमच्या नातेवाइकांनी नेमकं तेच केलं.

मुलीला पाळी सुरू झाली म्हणजे तिच्या उडीचा मोठा भाग होऊन गेलाय. यापुढे ती साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढेल आणि थांबेल, म्हणजे १५५-१५६ च्या आसपास, तुमच्याएवढी. वरच्या गणितानेही तिचा आकडा १५६.५ येतो. हे तिला आत्ताच सांगून ठेवा. कारण सध्या घरात तिला "ताडमाड वाढतेय" म्हणून मिरवलं जात असणार, आणि दोन वर्षांनी भाऊ पुढे गेला की तिलाच वाटेल आपलं काही बिघडलं. साडेअकराच्या सुमारास पाळी येण्यात वावगं काही नाही. तिच्या बाबतीत मी लक्ष ठेवीन ते रक्तावर. पाळी सुरू झाल्यावर मुलींचं हिमोग्लोबिन घसरतं आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही, "आळशी झालीय" एवढंच म्हटलं जातं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती दप्तरात तशीच पडलेली नाही ना, बघा. या गोळ्या मुलं वाटेत टाकून देतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

आता ह्यांच्या वाक्याकडे वळते. काही घराण्यांत मुलं उशिराच वयात येतात. वडील उशिरा, काका उशिरा, मामा उशिरा. यात आजार कसलाच नसतो. अशा मुलाच्या हाडांचं वय त्याच्या दाखल्यावरच्या वयाहून कमी भरतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची हाडं अकरा-साडेअकराची असू शकतात. सगळे मित्र वाढत असतात तेव्हा तो तसाच राहतो, आणि मित्र थांबले की हा वाढतो, पार अठरा-एकोणीसपर्यंत. तेव्हा आज ह्यांना नीट बसवून विचारा : दहावीच्या फोटोत तुम्ही कुठल्या रांगेत होतात? दाढी कधी सुरू झाली? आवाज कधी फुटला? पुरुषांना हे आठवत नाही, पण सासूबाईंना आठवेल. कॉलेजात असताना पोराच्या पँटींच्या पट्ट्या किती वेळा उसवून खाली घ्याव्या लागल्या, हे कुठलीही आई विसरत नाही. त्यांच्या तोंडून ऐकलेली ही हकीकत डॉक्टरांना रक्ताच्या तीन तपासण्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

म्हणून डॉक्टरांकडे जाऊच नका, असं मी म्हणत नाही. एकदा जा, बालरोगतज्ज्ञांकडे, आणि ह्यांना बरोबर न्या. मुलग्यात वयात येण्याची पहिली खूण अंडकोषांच्या आकारात दिसते, मिसरूड नंतर येतं. ते तपासायला डॉक्टरांकडे लहान-मोठ्या बारा मण्यांची एक माळ असते, सगळ्यात छोटा मणी एक मिलिलिटरचा, सगळ्यात मोठा पंचवीसचा. चार मिलिलिटरच्या मण्याएवढं झालं की सुरुवात झाली असं धरतात. हे सगळं मी एवढं उघडपणे लिहितेय त्याला कारण आहे. मुलाला काही न सांगता केबिनमध्ये नेतात, तिथे डॉक्टर अचानक चड्डी काढायला सांगतात, आई कोपऱ्यात उभी, आणि ते पोर शरमेने अर्धमेलं होतं. नंतर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. तेव्हा आदल्या दिवशी वडिलांनी सांगावं की असं असं तपासतील, एक मिनिट लागतं, आणि त्या वेळी आई बाहेर थांबेल. तुम्ही बाहेर थांबाच.

डॉक्टर डाव्या हाताचा, पंजा आणि मनगटाचा, एक्स-रे सांगतील. साधा, स्वस्त एक्स-रे. तो हातात आला की उजेडाकडे धरून तुम्हीही बघा. बोटांच्या हाडांच्या टोकाशी एक काळी फट दिसेल, जणू हाड तिथे मोडलंय. मोडलेलं काही नसतं. ती वाढीची कूर्चा असते, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ भाग. क्ष-किरण कूर्चेतून आरपार जातात म्हणून ती काळी दिसते. लांब हाडं त्या जागेतून वाढतात. ती फट बुजली की उंचीचा विषय कायमचा संपला, मग कुठलीही गोळी, पावडर, इंजेक्शन काही करू शकत नाही. आणि ती बुजवतं कोण? इस्ट्रोजेन. मुलींमध्येच नव्हे, मुलग्यांमध्येही. त्यांच्या शरीरात पुरुषी हार्मोनमधून थोडं इस्ट्रोजेन तयार होत असतं. म्हणूनच "मुलाला मर्दानी करतो" म्हणत जिममधला कुणी किंवा गल्लीतला कुणी हार्मोनच्या गोळ्या-इंजेक्शनं देऊ लागला, तर तिथून उलट पावली परत या. त्याने मुलगा चार महिने झपाट्याने वाढतो, सगळे वाहवा करतात, आणि हाडं वेळेआधी बुजून तो एरवी झाला असता त्याहून खुजा राहतो.

जावेच्या ओळखीतल्या मुलाला नेमकं काय दिलं, हे मला कळायला मार्ग नाही. वाढीच्या हार्मोनचं खरं इंजेक्शन वेगळं. ज्या मुलाच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते हार्मोन पुरेसं येतच नाही, त्याला ते नवं आयुष्य देतं. फुटबॉलवाल्या मेस्सीला लहानपणी हीच कमतरता निघाली होती. तो उपचार घेऊन १७० पर्यंत पोहोचला. मुलीमध्ये टर्नर सिंड्रोम नावाचा जन्मजात गुणसूत्रांचा दोष असेल तर तिलाही देतात. पण तुमचा मुलगा वर्षाला पाच सेंटिमीटर वाढतोय. हार्मोन कमी असलेलं मूल असं वाढत नाही. हे इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, साधारणपणे रोज रात्री, त्याचा खर्च घर गदागदा हलवतो, आणि ज्या मुलाला कमतरता नाही त्याच्या अंतिम उंचीत त्याने सरासरी थोड्याच सेंटिमीटरांचा फरक पडतो. आणखी एक गोष्ट सांगते, घाबरवायला नाही. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृत माणसांच्या ग्रंथींमधून काढत. ते घेतलेल्या काही मुलांना पुढे मेंदूचा जीवघेणा आजार झाल्यावर ते बंद करावं लागलं. आजचं औषध प्रयोगशाळेत बनवतात, त्यात तो धोका नाही. तरीही उंच दिसावं म्हणून धडधाकट पोराला हार्मोन टोचण्याची घाई मला आवडत नाही, हे माझं मत.

हो, काही गोष्टी मात्र एकदा तपासून घ्याव्यात : थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, आणि पोळीबद्दल बोलायचं तर गव्हाचं न पचणं. गव्हातलं ग्लुटेन न सोसणारी मुलं कधी कधी पोट अजिबात न बिघडता फक्त खुजी राहतात. ही तपासणी गहू बंद करण्याआधी करायची असते. तेव्हा कुणाचं ऐकून आजच घरातला गहू बंद करू नका.

चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत वयात येण्याची कसलीच खूण दिसली नाही, तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवावं लागेल. तुमच्याकडे अजून सहा महिने आहेत. कधी कधी ते लहान मात्रेत, थोडे महिने, हार्मोन देऊन शरीराला फक्त सुरुवात करून देतात, विशेषतः मुलगा मनाने फारच खचला असेल तर. गल्लीतल्या इंजेक्शनात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे हाडांचं वय बघून, मोजून-मापून देतात.

पावडरचा डबा संपला की दुसरा आणू नका. त्यात साखर बरीच असते, थोडं प्रथिन, थोडी जीवनसत्त्वं, आणि डब्यावर उड्या मारणारं पोर. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदराखाली विकू नका असं सांगितलं, कारण कायद्यात असा काही प्रकारच नाही. शिवाय आपल्याकडच्या मुलांना नुसतं खाऊ घालून फुगवण्यात वेगळा धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण आपल्या बारक्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबीचा वाटा त्या मानाने जास्त होता. अशा अंगाच्या मुलाला गोड पिऊन वजन चढलं तर मधुमेहाची वाट सोपी होते, उंची तशीच राहते. त्यापेक्षा पावडरच्या पैशात अंडी येतात. अंडं चालत नसेल तर दूध-दही, उसळ, शेंगदाण्याचा कूट, नाचणीची भाकरी. सकाळी काही न खाता शाळेत आणि संध्याकाळी क्लासच्या आधी वडापाव, असं असेल तर आधी तेवढं मोडा.

बारला लटकायचं तर खुशाल लटकू दे, खांदे चांगले होतील. उंची त्याने वाढत नाही. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर त्या पुन्हा फुलतात. त्यामुळे आपण सगळेच सकाळी उठतो तेव्हा सेंटिमीटरभर उंच असतो. लटकल्यावर तेवढाच फरक दिसतो आणि दुपारपर्यंत जातो. जाहिरातीतली "पंधरा दिवसांत दोन सेंटिमीटर" बहुधा अशीच निघते : आधीचं माप संध्याकाळी, नंतरचं सकाळी.

झोपेबद्दल दोन शब्द. वाढीचं हार्मोन सगळ्यात जास्त पाझरतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. या वयात झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते, तेव्हा रात्री दहाला त्याला झोप येत नाही यात त्याचा हट्ट नाही. पण मोबाइल मात्र साडेदहाला तुमच्या खोलीत यावा.

मोजायचं कसं, तेही सांगते. बहुतेक घरांत चुकीचंच मोजतात. अनवाणी, सरळ भिंतीला, जिथे खाली फरशीची पट्टी पुढे आलेली नाही. टाचा, ढुंगण, खांदे भिंतीला लागलेले, नजर समोर, हनुवटी वर उचललेली नाही. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरायचं आणि त्याच्या खाली पेन्सिलची खूण. नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी. आणि तीन महिन्यांतून एकदाच! दर आठवड्याला मोजलं तर हाती येतात त्या फक्त मोजण्यातल्या चुका. फ्रान्समध्ये मोंबेयार नावाच्या एका बापाने १७५९ पासून १७७७ पर्यंत, मुलगा जन्मल्यापासून अठरा वर्षांचा होईपर्यंत, दर सहा महिन्यांच्या सुमारास त्याची उंची मोजून ठेवली. वाढीच्या शास्त्रात तो आलेख आजही दाखवतात. सहा महिन्यांतून एकदा मोजून अठराव्या शतकातल्या बापाचं भागलं, आपलं तीन महिन्यांतून एकदा मोजून नक्की भागेल.

एक गोष्ट मात्र रोज दिसेल : त्याची चप्पल. उडीची सुरुवात पावलांपासून होते, मग पाय, मग धड. नवे बूट चार महिन्यांत चावायला लागले, की कुरकुर न करता पुढचे घ्या.

आता सासूबाई. त्या हसत बोलल्या, आणि तुम्हीही ते वाक्य गंमत म्हणूनच लिहिलंत. नऊवारी पायात येणं ही गंमत नाही. चाळिशीनंतर प्रत्येक जण दशकाला साधारण सेंटिमीटरभर खाली येतो, सत्तरीनंतर थोडा जास्त, ते ठीक. पण वर्षानुवर्षं एकाच मापाने नेसलेलं लुगडं आताशा पायात यायला लागलं, तर खाली आलेलं माप एवढंसं नाही. तरुणपणीची त्यांची उंची कुणी लिहून ठेवली नसणार. काही हरकत नाही. त्यांना भिंतीशी उभं करून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. हा आकडा माणसाच्या तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असतो, आणि हात काही आखडत नाहीत. तो आकडा आजच्या उंचीपेक्षा चार-पाच सेंटिमीटरांहून जास्त निघाला, तर पाठीच्या कण्याचा बाजूने एक्स-रे काढाच.

कारण हाडं ठिसूळ झाली की मणके नुसत्या वाकण्याने, बादली उचलण्याने दबून मोडतात, आणि बऱ्याच बायकांना ते कळतही नाही. पाठ दुखली तर "वयाने दुखायचीच" म्हणून बाम चोळतात. मग पाठीला बाक येतो, फासळ्या कमरेला टेकायला लागतात, पोट पुढे येतं, चार घासांत पोट भरतं. सासूबाईंचं जेवण कमी झालंय का, बघा. एक मणका मोडला की दुसरा मोडण्याची आणि पडल्यावर खुब्याचं हाड जाण्याची भीती वाढते. खुबा मोडला की घरातलं सगळंच बदलतं, हे मला तुम्हाला सांगायला नको. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते, दुखत नाही, सुया नाहीत. ठिसूळपणा निघाला तर त्यावर चांगली औषधं आहेत, काही आठवड्याला एक गोळी, काही वर्षातून एकदा सलाइनमधून. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही. आणि कुठलंही औषध मनाने मधेच बंद करू नये. तोवर न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, संडासाच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा, दारातलं घसरणारं पायपुसणं आजच उचला. सासूबाई "माझ्यावर कशाला खर्च" म्हणतील. त्यांना म्हणा, नातवाला दाखवायचंच आहे, आधी तुमचं दाखवू.

तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, चाळिशीच्या आसपास असेल. हाडांची भर पडते ती तिशीपर्यंत, आणि त्यातली बहुतेक विशीच्या आत. म्हणजे तुमची मुलगी आत्ता साठा करतेय, तुमचा होऊन गेलाय, आणि पाळी थांबली की पुढची काही वर्षं तो वेगाने खर्च होतो. आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसला थांबते. चालणं, थोडं वजन उचलणं, ऊन आणि दूध आत्तापासून सुरू केलंत तर फायदा तुमचा. घरातल्या तिघांचं करता करता आपलं राहून जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

राहता राहिलं मुलाचं मन. पाठीला पाठ लावून उभं करणं बंद, पाहुण्यांसमोर तर कायमचं बंद. कुणी सुरू केलंच तर तिथल्या तिथे तुम्ही थांबवायचं, नंतर घरी येऊन हळहळायचं नाही. "तेंडुलकर कुठे उंच आहे" हे वाक्यही आवरा. सगळे हेच सांगतात, आणि त्यातून पोराला एवढंच ऐकू येतं की आपण खुजेच राहणार हे घरच्यांनी धरून चाललंय. व्हॉलीबॉलच्या सरांना ह्यांनी जाऊन भेटावं. शाळेच्या संघात या वयात निवड होते ती लवकर वयात आलेल्या मुलांची, कारण ती आज मोठी दिसतात. त्याच्या हातात सर्व्हिस आणि पासिंग आहे का, हे सरांना बघायला सांगा. मैदान सुटलं की दोन वर्षांनी उंची येते, पण हात गेलेला असतो.

आणि ह्यांनी मुलाशी बोलावं, जेवताना सगळ्यांसमोर नाही, दोघंच असताना. आपण दहावीत केवढे होतो, मुलं काय नाव ठेवून हाक मारायची, पहिली दाढी कधी केली. सल्ला काही देऊ नये, फक्त सांगावं. जुना फोटो असेल तर दाखवावा.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण एखाद्या रात्री तो तुम्हाला विचारेलच, "आई, मी वाढेन ना?" तेव्हा "हो रे राजा, खूप उंच होशील" म्हणू नका, आठवीतल्या मुलाला असलं बोलणं कळतं. त्याला सांगा की वाढशील, बाबांसारखा उशिरा वाढशील असं दिसतंय. नेमका किती ते कुणालाच सांगता येत नाही, आणि एक्स-रे काढला की जास्त कळेल. एक्स-रेची तारीख त्यालाच ठरवू दे. परीक्षेनंतर म्हणाला तर परीक्षेनंतर. त्याच्या बाबतीत महिनाभराने काही बिघडत नाही. सासूबाईंची तारीख मात्र तुम्ही ठरवा, याच आठवड्यातली.